व्हिडिओ हलका करा, पण आठवण पुसट होऊ देऊ नका

संध्याकाळचे साडेसात. दिल्लीतल्या मुनिरकात आमच्या गल्लीतल्या सगळ्या खोल्यांमध्ये याच सुमारास दिवे लागतात. जेएनयूतून परतलेली मुलं, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे, नोकरीवरून थकून आलेले. इमारती इतक्या जवळजवळ की समोरच्या घरातली कुकरची शिट्टी आपल्याच घरातली वाटते. दोन इमारतींच्या मधून आभाळाची एक पट्टी दिसते आणि तिच्यावरही इंटरनेटच्या काळ्या वायरींचं जाळं.

बार्शीला आईला व्हिडिओ कॉल करायची आमची वेळही हीच. शिकायला माझ्याकडे राहिलेली भाची फोन धरून बसते. नेमका त्याच वेळी कुणी क्रिकेटचा सामना लावतं, कुणी लेक्चर, कुणी सिनेमा. मग भाची ओरडते, "मावशी, आजी बघ ना, नुसते चौकोन झालेत!"

पलीकडून आई घाबरून विचारते, "काय झालंय गं मला? मी तर इथेच बसलेय!"

आम्ही हसतो. पण त्या चौकोनांमागे बहुतेक वेळा फोन बिघडलेला नसतो. मिळालेल्या अरुंद वाटेतून काय पाठवायचं आणि काय मागे ठेवायचं, हा निर्णय त्याने त्या क्षणी घेतलेला असतो. डिजिटल व्हिडिओचं सगळं जग याच निर्णयावर चालतं. एका पारड्यात चित्राचा दर्जा, दुसऱ्यात बिट रेट. आपण रोज व्हिडिओ बघतो, काढतो, पाठवतो, तेव्हा हा तराजू नकळत आपल्याही हातात असतो. तो नीट धरला नाही तर काय होतं, हे आमच्या घराने एकदा अनुभवलंय.

बाबांची पेटी

माझे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. २०१४ साली एका एकादशीला माझ्या भावाने मोबाइलवर त्यांचा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढला. एका मेसेजिंग अ‍ॅपवरून तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पुढे फोन भरला, म्हणून "सगळ्यांकडे आहेच की" असं म्हणून मूळ व्हिडिओ पुसून टाकला.

बाबा गेले. वर्षश्राद्धाला सगळे जमले, तेव्हा तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. आवाज छान येत होता. चेहराही बरा दिसत होता. पण पेटीवरची बोटं? तिथे नुसता धुरकट, थरथरणारा डाग. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यांची बोटंच नाही दिसत."

आमच्याकडे उरलेली फाइल होती सात एमबीची. त्या काळच्या फोनवर काढलेला असा तीन मिनिटांचा मूळ व्हिडिओ सहज तीनशे एमबीच्या पुढे जातो. म्हणजे चाळीस पटींहून जास्त दाबून तो आमच्यापर्यंत पोहोचला होता. दाबताना आधी गेली ती बोटं. चेहरा, भिंत, मागची विठ्ठलाची तसबीर हे सगळं वाचलं. असं का झालं, हे समजून घेतलं की व्हिडिओ दाबण्याचं बरंचसं शास्त्र समजतं.

न दाबता व्हिडिओ पाठवला तर?

आधी थोडी आकडेमोड. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट लागतात, म्हणजे एक चित्र झालं सुमारे ६.२ एमबीचं. व्हिडिओत अशी चित्रं सेकंदाला साधारण २५ येतात. गुणाकार केला की सेकंदाला दीडशे एमबीच्या वर आकडा जातो. तासाभराचा व्हिडिओ होतो सुमारे ५६० जीबीचा.

भाचीच्या मोबाइलचा रोजचा पॅक २ जीबीचा आहे. असा कच्चा व्हिडिओ बघायचा तर तो तेरा सेकंदांच्या आत संपेल!

त्यामुळे दाबायचं की नाही हा प्रश्नच नसतो. आपण बघतो तो प्रत्येक व्हिडिओ दाबलेलाच असतो. किती दाबायचा आणि कुठे, एवढंच ठरवायचं असतं.

दाबल्यानंतर व्हिडिओच्या प्रत्येक सेकंदाला जितके बिट खर्च होतात, तो त्याचा बिट रेट. तो एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष बिट, असा मोजतात. एक सोपा हिशोब लक्षात ठेवा: १ एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला ४५० एमबी डेटा खातो. २ एमबीपीएसचा ९०० एमबी, ५ एमबीपीएसचा सव्वादोन जीबी. सिनेमा लावण्याआधी एवढं माहीत असलं, तर दिवसाचा पॅक कधी संपेल हे आधीच कळतं.

दुधाचे खाडे आणि व्हिडिओ

आता दाबतात कसं ते पाहू. यातल्या युक्त्या आपल्या घरातल्याच आहेत.

आपल्याकडे दुधाचा हिशोब कसा ठेवतात? रोज "एक लिटर घेतलं" असं कुणी लिहीत नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फक्त खाडे मांडतात. ज्या दिवशी दूध घेतलं नाही, किंवा पाहुणे आले म्हणून जास्त घेतलं, तेवढीच खूण. बाकी सगळं "कालच्यासारखंच". महिन्याचा चोख हिशोब चार-पाच खुणांत बसतो.

व्हिडिओचंही तसंच. एक चित्र पूर्ण साठवतात. पुढच्या चित्रांसाठी फक्त बदल लिहितात: भिंत तशीच, तसबीर तशीच, डोकं जरा डावीकडे सरकलं. काही सेकंदांनी पुन्हा एक पूर्ण चित्र येतं. बातम्या वाचणारी निवेदिका स्थिर बसलेली असते, त्यामुळे तिच्या व्हिडिओत खाडे फार थोडे. पण गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उधळला की काय होतं? प्रत्येक कण वेगळ्या दिशेने उडतो. "कालच्यासारखं" काहीच उरत नाही, रोजच खाडा! म्हणूनच मिरवणुकीचे, पावसाचे, धबधब्याचे व्हिडिओ सगळ्यात आधी बिघडतात.

बाबांची बोटंही अशीच. खोलीत तीच एक गोष्ट वेगाने हलत होती, त्यात उजेड कमी. सात एमबीत बसवायचं म्हटल्यावर त्यांच्या वाट्याला पुरेसे बिट आलेच नाहीत.

दुसरी युक्ती आपल्या डोळ्यांच्या स्वभावावर आधारलेली आहे. आपल्या डोळ्यांना उजेड-अंधारातला फरक बारकाईने कळतो, रंगांतला तितका नाही. त्यामुळे बहुतेक व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याला ठेवतात, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच. एवढ्यानेच निम्मं ओझं उतरतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

बंगळुरूच्या माणसाची 'फारच सोपी' कल्पना

तिसरी युक्ती सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्यामागे एक भारतीय माणूस आहे.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळुरूत झाला. पुढे ते अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवू लागले. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन हा ठरावीक नमुन्यांचं मिश्रण आहे असं मानायचं, ही त्यांची कल्पना. काही नमुने सपाट, काही ठळक पट्ट्यांचे, काही अगदी बारीक जाळीचे. कुठला नमुना किती घ्यायचा एवढं लिहिलं की चौकोन परत तयार होतो. जणू मसाल्याची कृती: धने इतके, जिरं इतकं, दगडफूल चिमूटभर.

१९७२ मध्ये त्यांनी या संशोधनासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. मागणी नाकारली गेली. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा होता. अहमद यांनी तरीही काम सोडलं नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, थोडक्यात डीसीटी. आपल्या फोनमधले जेपेग फोटो याच गणितावर उभे आहेत, आणि डीव्हीडीपासून आजच्या स्ट्रीमिंगपर्यंतच्या व्हिडिओंत त्याचीच रूपं वापरली जातात. तिघेही भारतीय वंशाचे, हे आवर्जून मुलांना सांगण्यासारखं.

या कृतीचा फायदा असा की बारीक जाळीचे नमुने थोडे कमी-जास्त झाले तरी डोळ्यांना सहसा कळत नाही. मग तिथे आकडे ढोबळ करायचे. घरखर्च लिहिताना ४९७ रुपयांचे ५०० लिहितो, तसं. थोडं ढोबळ केलं तर हिशोब बिघडत नाही. पण प्रत्येक आकडा हजाराच्या पटीत लिहायचं ठरवलं तर? भाजी शून्य, दूध एक हजार, पेपर शून्य! सगळी बारीक माहिती नाहीशी.

व्हिडिओत दर्जा जातो तो मुख्यतः इथेच. बिट रेट कमी केला की आकडे जास्त ढोबळ होतात. आधी केसांची, साडीच्या पोताची, दूरच्या झाडांच्या पानांची बारीक वीण जाते. मग कडा उसवतात. शेवटी चौकोनात फक्त सपाट रंग उरतो आणि शेजारच्या चौकोनाशी त्याचा मेळ बसत नाही. आमच्या आईचे "नुसते चौकोन" होतात ते असे.

आमटी तेवढीच, वाट्या जास्त

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. "मी तर १०८०पी लावलंय, तरी चित्र घाण का?"

कारण १०८०पी हा ठिपक्यांचा आकडा आहे, दर्जाचा नाही. पंगतीचं उदाहरण घ्या. डाळ चार जणांपुरती शिजवली आहे. चार वाट्या भरल्या तर आमटी दाट. ऐनवेळी वीस माणसं आली आणि वीस वाट्या भरायच्या ठरल्या, तर पाणी घालावं लागतं. ठिपके म्हणजे वाट्या आणि बिट रेट म्हणजे डाळ. ४८०पीच्या चित्रात साधारण चार लाख ठिपके, १०८०पीत वीस लाखांच्या वर. डाळ तेवढीच ठेवून वाट्या पाचपट केल्या, तर प्रत्येक वाटीत पाणीच.

म्हणून कमी डेटात कमी ठिपक्यांचा पण 'दाट' व्हिडिओ जास्त ठिपक्यांच्या 'पातळ' व्हिडिओपेक्षा चांगला दिसतो. पडदा मोबाइलचा असेल तर नक्कीच.

याची उलट बाजूही आहे. डाळ वाढवत गेलं की काही काळाने चवीत फरक पडत नाही. अर्ध्या एमबीपीएसवरून एकवर गेलात तर चित्र एकदम सुधारतं. पण फोनच्या पडद्यावर आठवरून सोळावर गेलात तर बहुतेकांना फरकच दिसत नाही. डेटा मात्र दुप्पट जातो. जिथे डोळ्यांचं समाधान होतं आणि पुढचा खर्च वाया जायला लागतो, ती जागा शोधणं हेच या क्षेत्रातल्या लोकांचं काम.

ती जागा प्रत्येक व्हिडिओसाठी वेगळी असते. नेटफ्लिक्सने २०१५ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं की पूर्वी प्रत्येक सिनेमाला एकच मापं लावली जायची, फुल एचडीसाठी ५.८ एमबीपीएस. साध्या कार्टूनला त्यातले बरेच बिट वाया जात आणि धावपळीच्या सिनेमाला कधी तेही अपुरे पडत. तेव्हापासून त्यांनी प्रत्येक सिनेमाचं माप वेगळं काढायला सुरुवात केली. कापड एकच असलं तरी शिंपी प्रत्येकाचं माप वेगळं घेतो, तसं.

देशाने एकदम दर्जा कमी केला तेव्हा

हा तराजू एकदा अख्ख्या देशासाठी हलवावा लागला होता. मार्च २०२०. कोरोनामुळे सगळे घरात. शाळा, ऑफिस, करमणूक, नातेवाइकांची विचारपूस, सगळं इंटरनेटवर आलं. युरोपात १९ मार्चला नेटफ्लिक्सने तीस दिवसांसाठी बिट रेट कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे त्यांचा तिथला भार साधारण पाव हिश्शाने उतरेल असा अंदाज होता.

भारतात २४ मार्चला, म्हणजे देशभर टाळेबंदी जाहीर झाली त्याच दिवशी, स्टार-डिस्ने, सोनी, गूगल, फेसबुक, झी, अ‍ॅमेझॉन, नेटफ्लिक्स अशा मोठ्या कंपन्यांनी मिळून ठरवलं की मोबाइल नेटवर्कवर १४ एप्रिलपर्यंत ४८०पीच्या वर व्हिडिओ द्यायचा नाही. सगळ्यांचं चित्र थोडं पुसट झालं, पण सगळ्यांना ते दिसत राहावं, अडू नये, यासाठी. मुनिरकासारख्या वस्तीत, जिथे एकाच मजल्यावरचे आठ जण ऑनलाइन असतात, तिथे या निर्णयाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एकाने पंगतीत तूप कमी घेतलं की दुसऱ्याच्या पानात पोचतं.

दिल्लीकर-मुंबईकरांनी त्याआधीही हा तराजू पाहिलाय, नाव माहीत नसताना. या शहरांत जुनी अ‍ॅनालॉग केबल बंद करून सेट-टॉप बॉक्स लावायची मुदत होती ३१ ऑक्टोबर २०१२. अ‍ॅनालॉगमध्ये केबलवर एका वाहिनीला जेवढी जागा लागायची, तेवढ्यात दाबलेल्या डिजिटल वाहिन्या दहा-बारा बसू लागल्या. वाहिन्या वाढल्या त्या यामुळे. पण एकाच जागेत फार कोंबल्या की सामन्यातलं हिरवं मैदान सरबरीत दिसू लागतं, हेही आपण बघितलं.

आता सामने फोनवर आलेत. १९ नोव्हेंबर २०२३ चा विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक एकाच वेळी बघत होते. प्रत्येकाला फक्त १ एमबीपीएस धरला, तरी सेकंदाला ५९ लाख कोटी बिट! अशा वेळी दर माणसामागे दहा टक्के बिट वाचवले, तरी किती मोठं ओझं उतरतं याची कल्पना येईल.

म्हणूनच असे व्हिडिओ एकाच मापात ठेवलेले नसतात. एकाच सामन्याच्या चार-सहा आवृत्त्या तयार असतात, काही हलक्या, काही जड, आणि प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे केलेले. तुमचा फोन दर काही सेकंदांनी नेटचा वेग बघून पुढचा तुकडा कुठल्या आवृत्तीतला घ्यायचा ते ठरवतो. मेट्रो मुनिरका स्थानकात भुयारात शिरली की चित्र पुसट होतं आणि थोड्या वेळाने पुन्हा सावरतं, ते यामुळे.

व्हिडिओ कॉलला मात्र ही चैन परवडत नाही. सिनेमा दाबणाऱ्याला पुढचं दृश्य आधीच माहीत असतं. तो वेळ घेऊन, पुन्हा पुन्हा बघून बिट वाटू शकतो. कॉलमध्ये पुढच्या क्षणी आई काय करणार आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. जे दिसेल ते त्याच क्षणी दाबून पाठवायचं. म्हणून तेवढ्याच नेटवर सिनेमा बरा दिसतो आणि आईचे चौकोन होतात.

लेक्चरला काय हवं, सामन्याला काय हवं?

मुनिरकापासून मेट्रोने दोन स्थानकांवर आयआयटी आहे. आयआयटी दिल्ली, मुंबई, मद्रास आणि इतर संस्थांनी मिळून उभ्या केलेल्या एनपीटीईएलच्या लेक्चरांवर खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं शिकली आहेत. जुलै २०१७ मध्ये स्वयंप्रभा या ३२ शैक्षणिक वाहिन्या सुरू झाल्या. त्या उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर येतात, इंटरनेट लागतच नाही.

लेक्चरचा व्हिडिओ सामन्याच्या नेमका उलटा. फळ्यावरचं चित्र मिनिटभर हलत नाही, म्हणजे खाडे अगदी थोडे. पण फळ्यावरची बारीक अक्षरं, समीकरणातला छोटा घातांक नीट वाचता आला पाहिजे. त्यामुळे इथे सेकंदाला पंचवीसऐवजी दहा-पंधरा चित्रं असली तरी चालतं, पण ठिपके कमी करून चालत नाही. आवाज तर स्वच्छ हवाच. सामन्यात उलट: ठिपके थोडे कमी चालतील, पण चित्रं भराभर आली पाहिजेत, नाहीतर चेंडूच दिसायचा नाही.

भाची याचा उपयोग करते. लेक्चर ती ७२०पीवर लावते, तरी डेटा फार जात नाही. गाणी ऐकायची असतील तर १४४पीवर, कारण तिथे तिला बघायचंच नसतं. तुम्हीही आधी हाच प्रश्न विचारा: या व्हिडिओत मला नेमकं काय बघायचंय?

नवं तंत्र, जुना फोन

दाबण्याच्या पद्धतीही पिढ्यांपिढ्यांनी सुधारत आल्या. त्यांना कोडेक म्हणतात. डीव्हीडी आणि सुरुवातीच्या डीटीएचमध्ये एमपेग-२ होतं. २००३ मध्ये एच.२६४ आलं, २०१३ मध्ये एच.२६५, २०१८ मध्ये एव्ही१, २०२० मध्ये एच.२६६. ढोबळमानाने, दर मोठ्या पिढीत तेवढाच दर्जा जवळजवळ निम्म्या बिटांत मिळू लागला.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. बिट वाचवायचे तर गणित जास्त करावं लागतं. फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते आणि जुन्या फोनला नवी पद्धत कळतच नाही. दूरदर्शनच्या मोफत डीटीएच सेवेचंच पाहा. डिसेंबर २००४ मध्ये ती सुरू झाली. आज तिचं नाव डीडी फ्री डिश. नव्या पद्धतीने तेवढ्याच जागेत जास्त वाहिन्या बसतात. पण गावोगावच्या घरांत जुने बॉक्स आहेत, ते एमपेग-२ च वाचतात. म्हणून दोन्ही पद्धतींच्या वाहिन्या शेजारी शेजारी चालतात. दर्जा, डेटा आणि समोरच्याकडे असलेलं यंत्र, या तिन्हींचा मेळ घालावा लागतो.

झेरॉक्सची झेरॉक्स

आता आपल्या घरातल्या व्हिडिओंकडे येऊ. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पुन्हा पुन्हा दाबल्याने. एकदा ढोबळ केलेला आकडा पुन्हा मूळचा होत नाही. एका अ‍ॅपवरून आलेला व्हिडिओ तुम्ही दुसरीकडे टाकला, तिथून कुणी उतरवून तिसरीकडे पाठवला, तर दर मुक्कामाला तो नव्याने दाबला जाऊ शकतो. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखं. फोनमधली "व्हिडिओ सुधारा" म्हणणारी साधनं गेलेलं परत आणत नाहीत. तिथे काय असेल याचा अंदाज करून नवं भरतात. बाबांची बोटं तशी 'काढून' घेता आली असती, पण ती बाबांची नसती.

घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं थोडं:

• मूळ व्हिडिओ कधी पुसू नका. पाठवलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे. मूळ दोन ठिकाणी ठेवा, उदाहरणार्थ पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर एक आणि क्लाउडवर एक.

• महत्त्वाचा व्हिडिओ पाठवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा क्लाउडची लिंक द्या. म्हणजे तो वाटेत दाबला जात नाही. एचडीचा पर्याय निवडला तरी थोडं दाबणं होतंच.

• पाठवल्यावर दोन्ही फाइलींचा आकार पाहा. तीनशेचे सात झाले असतील तर काहीतरी गेलंय.

• घरगुती व्हिडिओला १०८०पी, सेकंदाला ३० चित्रं पुरेशी आहेत. ४के घेतलंत तर जागा कितीतरी जास्त लागेल आणि उद्या कंटाळून तुम्हीच ते पुसाल.

• भरपूर उजेडात काढा. अंधारात कॅमेरा चित्रात कण-कण आणतो आणि ते कण जपण्यात बिट वाया जातात. फोन कशाला तरी टेकवून ठेवा. हात हलला की अख्खी भिंत 'हलते' आणि माणसाच्या वाट्याचे बिट भिंत खाते.

• व्हिडिओ कॉलला चौकोन यायला लागले तर घरातला दुसरा मोठा डाउनलोड थांबवा, राउटरजवळ बसा, आणि नाहीच जमलं तर कॅमेरा बंद करून बोला. चांगल्या आवाजाला तासाला ६० एमबीही लागत नाहीत. आईला आधी आपला आवाजच हवा असतो.

• रोजच्या फॉरवर्डला, विनोदाला, "शुभ सकाळ"ला मात्र खुशाल कमीत कमी दर्जा ठेवा. तिथे वाचवलेली जागा आठवणींना कामी येईल.

या वेळी बोटं दिसतात

यंदा उन्हाळ्यात आम्ही बार्शीला गेलो. आईला अजून जात्यावरच्या ओव्या येतात. जातं आता कुणी दळायला वापरत नाही, पण माळवदावर पडून होतं ते भावाने खाली उतरवलं. भाचीने सकाळच्या उजेडात, सोप्यात, फोन धान्याच्या डब्याला टेकवून ठेवला आणि बारा मिनिटांचा व्हिडिओ काढला. खुंट्यावर आईचा हात गोल गोल फिरतोय. सुरकुत्या, हिरव्या बांगड्या, बोटांना लागलेलं पीठ, सगळं दिसतं.

फाइल झाली दीड जीबीची. भावाने सवयीने विचारलं, "फोन भरेल ना गं, बारीक करून ठेवू का?"

आई आतून म्हणाली, "ते फॉरवर्डचे फुलांचे फोटो पूस आधी. हे राहू दे."

नातेवाइकांच्या ग्रुपवर आम्ही छोटी प्रत टाकली, ती सगळ्यांनी पाहिली. मूळ व्हिडिओ मात्र दोन ठिकाणी जसाच्या तसा ठेवलाय. मुनिरकाला परतल्यावर एका संध्याकाळी पुन्हा कॉलवर आईचे चौकोन झाले, तेव्हा भाचीने तो लावला.